चूक वैमानिकाची की बटणाची?

सकाळची घाई आहे. चार बर्नरच्या शेगडीवर एकीकडे कुकर, दुसरीकडे दूध. दूध वर येताना दिसते, तुम्ही धावत जाऊन बटण फिरवता आणि बंद होतो तो कुकरखालचा गॅस. दूध ओट्यावर उतू जाते. घरातले कोणीतरी म्हणते, ‘लक्ष कुठे असते तुझे?’ आपल्यालाही तसेच वाटते. पण त्या शेगडीकडे जरा नीट बघा. बर्नर दोन पुढे, दोन मागे. बटणे मात्र चारही एका ओळीत. कोणते बटण कोणत्या बर्नरचे, हे बघताक्षणी कळायला काही वावच नाही. ते लक्षात ठेवावे लागते. आणि घाईच्या वेळी सगळ्यात आधी दगा देते ती आठवणच.

अल्फाँस चॅपॅनिस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५९ साली एका सहकाऱ्यासोबत नेमक्या याच प्रश्नावर प्रयोग केला. बर्नर आणि बटणे यांच्या चार वेगवेगळ्या मांडण्या करून लोकांना बटणे लावायला सांगितली. मागचे बर्नर थोडे बाजूला सरकवून चारही बर्नर बटणांच्या क्रमाने येतील अशी मांडणी केली, तेव्हा एकही चूक झाली नाही. बाकीच्या तीन मांडण्यांमध्ये चुका होत राहिल्या. माणसे सारखीच साधी होती, फरक फक्त मांडणीत होता.

चॅपॅनिस स्वयंपाकघरापर्यंत पोहोचला तो विमानाच्या कॉकपिटमधून. तिथे चुकीचे बटण फिरवण्याची किंमत दुधाच्या पातेल्याएवढी नसते. विमानातील यंत्रणा माणसाचे डोळे, हात, स्मरण आणि थकवा लक्षात घेऊन घडवली पाहिजे, हा विचार आज ‘मानवकेंद्री रचना’ म्हणून ओळखला जातो. त्याची पायाभरणी दुसऱ्या महायुद्धात झाली आणि त्यासाठी मोजलेली किंमत मोठी आहे.

रबराचे चाक आणि एक पाचर

१९४३ च्या सुमारास अमेरिकी हवाई दलासमोर एक विचित्र कोडे होते. बी-१७ ही मोठी बॉम्बफेकी विमाने मोहिमेवरून सुखरूप परत येत, धावपट्टीवर व्यवस्थित उतरत आणि मग अचानक पोटावर बसत. वैमानिक आपल्या हाताने चाके आत ओढून घेत होते. अहवालांत नोंद होई ती ‘वैमानिकाची चूक’ अशी. प्रशिक्षित, अनुभवी माणसे असे का करतात, हे शोधायचे काम ओहायोमधील राइट फील्ड तळावरच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या चॅपॅनिसकडे आले.

त्याने वैमानिकांची झडती घेण्याआधी कॉकपिट पाहिले. चाके आत-बाहेर करण्याचा खटका आणि फ्लॅपचा खटका शेजारी-शेजारी होते, आणि दिसायला जवळजवळ सारखे. फ्लॅप म्हणजे पंखांच्या मागच्या कडेला असलेल्या हलत्या पट्ट्या. उतरताना त्या खाली सोडतात आणि जमिनीला टेकल्यावर पुन्हा वर घेतात. तासन्‌तास उडून दमलेला, शत्रूच्या माऱ्यातून वाचलेला वैमानिक फ्लॅप वर घ्यायला हात पुढे करी आणि बोटे शेजारच्या खटक्यावर पडत. चॅपॅनिसने आणखी एक गोष्ट टिपली. सी-४७ या मालवाहू विमानात हे दोन खटके वेगळ्या धाटणीचे होते आणि त्या विमानाच्या वैमानिकांकडून ही चूक होत नव्हती. मग बी-१७ चेच वैमानिक बेपर्वा होते, असे कसे म्हणायचे?

त्याचा उपाय कोणत्याही गॅरेजमध्ये करता येईल इतका साधा होता. चाकांच्या खटक्याला चाकाच्या आकाराची रबरी मूठ बसवायची आणि फ्लॅपच्या खटक्याला पाचरीसारखी, म्हणजे फ्लॅपसारखी दिसणारी मूठ. आता अंधारात, हातमोजे घालूनही हाताला कळू लागले की आपण काय धरले आहे. ऐंशी वर्षांनंतर आजही प्रवासी विमानांत चाकांच्या लिव्हरची मूठ चाकाच्याच आकाराची असते. अनेक देशांच्या नियमांनी ती तशी असणे बंधनकारक आहे.

आठवण येणे आणि दिसणे

युद्धानंतर, १९४७ साली, त्याच प्रयोगशाळेतील पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी वैमानिकांकडून चुकांचे किस्से गोळा केले. खटके आणि बटणे हाताळताना झालेल्या ४६० चुका आणि उपकरणे वाचताना झालेल्या २७० चुका त्यांनी तपासल्या. हाताळणीच्या चुकांपैकी सुमारे निम्म्या एकाच प्रकारच्या होत्या. हवे होते एक, हात पडला दुसऱ्यावर. लक्षात घ्या, अहवालाच्या शीर्षकात ‘वैमानिकाची चूक’ हे शब्द त्यांनी अवतरणचिन्हांत घातले होते. निष्काळजीपणा विखुरलेला असतो, आज इथे तर उद्या तिथे. तीच चूक वेगवेगळ्या माणसांकडून त्याच जागी पुन्हा पुन्हा होत असेल, तर दोष त्या जागेत शोधावा लागतो.

वाचण्याच्या चुकांमध्ये एक उपकरण सारखे पुढे येत होते, ते म्हणजे तीन काट्यांचा उंचीमापक. घड्याळासारख्या तबकडीवर एक काटा शेकड्यांचा, दुसरा हजारांचा, तिसरा दहा हजारांचा. सगळ्यात लहान काटा सगळ्यात मोठा आकडा सांगणारा. तो दुसऱ्या काट्याखाली लपला, की उंची हजार किंवा दहा हजार फुटांनी चुकीची वाचली जाई. पुढे झालेल्या चाचण्यांत दिसले, की हे उपकरण वाचायला वैमानिकाला सुमारे ७ सेकंद लागत. तोच आकडा सरळ अंकांत दाखवला, तर २ सेकंदही लागत नसत.

एवढे कळूनही तो उंचीमापक विमानांत राहिलाच. १९५८ साली, नाताळच्या आदल्या दिवशी, इंग्लंडमध्ये चाचणी उड्डाणावर असलेले ब्रिटानिया विमान धुक्यात जमिनीवर आदळले. वैमानिकांनी उंची दहा हजार फुटांनी चुकीची वाचली होती. विमानातील १२ पैकी ९ जण दगावले. धोका अकरा वर्षे कागदावर होता. उपकरण बदलण्यापेक्षा ‘नीट वाचा’ असे सांगणे स्वस्त वाटत राहिले.

सरासरी वैमानिक सापडलाच नाही

कॉकपिट कोणाच्या मापाने बनवायचे, हा आणखी एक प्रश्न होता. अमेरिकी हवाई दलाने सरासरी माणसाची मापे धरून खुर्ची, पेडल आणि खटक्यांची अंतरे ठरवली होती. १९५० साली गिल्बर्ट डॅनियल्स या तरुण संशोधकाने ४,०६३ वैमानिकांची मापे तपासली. उंची, छाती, हाताची लांबी अशी दहा मापे घेतली आणि सरासरीच्या आसपास, म्हणजे मधल्या ३० टक्क्यांत, दहाही मापे बसणारे किती आहेत हे मोजले. उत्तर आले शून्य. कोणाचे हात लांब तर पाय आखूड, कोणाची उंची मध्यम तर खांदे रुंद. सरासरी माणसासाठी बनवलेले कॉकपिट प्रत्यक्षात कोणासाठीच नव्हते.

शिंप्याकडे जाणाऱ्या कोणालाही हे नवे वाटणार नाही. पण या निष्कर्षानंतर विमाने बदलली. पुढे-मागे, वर-खाली होणारी खुर्ची आणि सरकवता येणारी पेडल आली. आज काही विमानांत समोरच्या काचांमधल्या खांबावर लहान रंगीत गोळे बसवलेले असतात. ते एका रेषेत दिसेपर्यंत वैमानिक खुर्ची हलवतो. मग त्याची उंची काहीही असो, डोळे योग्य जागी येतात, म्हणजे बाहेरची धावपट्टी आणि आतले पडदे दोन्ही नीट दिसतात. आपल्या देशात याला विशेष महत्त्व आहे. भारतात सुमारे १५ टक्के वैमानिक महिला आहेत आणि हे प्रमाण जागतिक सरासरीपेक्षा बरेच जास्त आहे. कधीकाळी फक्त पुरुषांच्या मापाने आखलेली जागा आता सर्वांना पुरली पाहिजे.

पडदे आले, गोंधळ बदलला

संगणक आल्यावर खटक्यांची गर्दी कमी झाली. पण एकाच बटणाला दोन-दोन कामे मिळाली आणि वेगळ्या प्रकारचा गोंधळ सुरू झाला. हात योग्य बटणावर असतो, फक्त यंत्र त्या वेळी कोणत्या अवस्थेत आहे हे माणसाच्या ध्यानात नसते. मोबाइल ‘सायलेंट’वर आहे हे विसरून आपण दिवसभर फोनची वाट बघतो, तसेच काहीसे.

१४ फेब्रुवारी १९९० रोजी मुंबईहून निघालेले इंडियन एअरलाइन्सचे ए-३२० विमान बंगळूरला उतरत होते. हे विमान तेव्हा आपल्याकडे अगदी नवे होते. उतरण्याच्या शेवटच्या टप्प्यात त्याची स्वयंचलित यंत्रणा अशा अवस्थेत गेली, की इंजिने जवळजवळ मंद जळत राहिली आणि वेग घटत गेला. हे ध्यानात येऊन इंजिनांना जोर देईपर्यंत उशीर झाला होता. विमान धावपट्टीच्या अलीकडेच, गोल्फच्या मैदानावर आदळले. १४६ पैकी ९२ जण मृत्युमुखी पडले. चौकशीत जी एक शक्यता चर्चिली गेली, ती चॅपॅनिसला ओळखीची वाटली असती. खाली येण्याचा वेग ठरवणारे बटण आणि उंची ठरवणारे बटण शेजारी-शेजारी होते आणि एकाऐवजी दुसरे फिरवले गेले असावे. भर पडली ती आणखी एका गोष्टीची. जुन्या विमानांत इंजिनाचा जोर आपोआप कमी-जास्त झाला, की वैमानिकाच्या हाताखालची लिव्हरही हलत असे. या विमानात ती जागची हलत नाही. हाताला मिळणारी एक सूचना नव्या रचनेत गेली होती.

दोन वर्षांनी, २० जानेवारी १९९२ च्या रात्री, फ्रान्समध्ये याच जातीचे विमान स्ट्रासबर्गला उतरताना डोंगरावर आदळले. ८७ जण गेले, ९ वाचले. तपासकर्त्यांना सर्वाधिक शक्य वाटलेले कारण असे. वैमानिकांना ३.३ अंशांच्या उताराने खाली यायचे होते. पण यंत्रणा दुसऱ्या अवस्थेत होती, त्यामुळे तिने तोच आकडा मिनिटाला ३,३०० फूट असा घेतला आणि विमान हवे त्यापेक्षा जवळपास चौपट वेगाने खाली आले. दोन्ही आकडे एकाच बटणाने, एकाच खिडकीत दिसत. एका अवस्थेत ‘-३.३’ आणि दुसऱ्या अवस्थेत ‘-३३’. फरक एका टिंबाचा. त्यानंतर कंपनीने खिडकीतला आकडा बदलला. खाली येण्याचा वेग आता चार अंकी, पुरा लिहून येतो.

इशारा कसा द्यावा

यंत्राने माणसाला काय आणि कशा शब्दांत सांगावे, यातही जीव गुंतलेले असतात. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीच्या आकाशात सौदी आणि कझाक विमानांची टक्कर होऊन ३४९ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर टक्कर टाळणारी यंत्रणा भारतात बंधनकारक झाली. दोन विमाने फार जवळ आली, की ही यंत्रणा एकाला ‘वर जा’ आणि दुसऱ्याला ‘खाली जा’ असे बोलून सांगते. विचार करायला वेळ नसतो, म्हणून ती माहिती देत बसत नाही, कृती सांगते.

या यंत्रणेत एक इशारा असा होता: ‘उभा वेग जुळवा’. अर्थ एवढाच, की वर चढत असाल किंवा खाली येत असाल, तर तो वेग कमी करा. तांत्रिकदृष्ट्या शब्द अचूक होते. पण प्रत्यक्ष नोंदींत असे आढळले, की काही वैमानिक ते ऐकून नेमके उलटे करत होते. वेग कमी करण्याऐवजी वाढवत होते. तेव्हा वैमानिकांना पुन्हा शिकवण्यावर भागवले गेले नाही. शब्दच बदलले. आता यंत्रणा म्हणते, ‘सपाट व्हा, सपाट व्हा’. घाबरलेल्या कानाला दुसरा अर्थ लावता येत नाही.

याउलट उदाहरण एअर फ्रान्सच्या रिओ-पॅरिस विमानाचे. १ जून २००९ च्या रात्री अटलांटिकवर वेग मोजणाऱ्या नळ्यांत बर्फ साचला आणि ऑटोपायलट सुटला. गोंधळात नाक वर ओढले गेले आणि पंखांना आधार देणारा हवेचा प्रवाह तुटला. तसा इशारा वाजतही होता. पण पुढे मोजलेला वेग इतका घसरला, की संगणकाने तो आकडाच अविश्वसनीय मानला आणि इशारा बंद केला. वैमानिकाने नाक खाली केले, म्हणजे योग्य तेच केले, की वेग वाचता येऊ लागे आणि इशारा पुन्हा वाजे. योग्य कृतीला ओरडा आणि चुकीच्या कृतीला शांतता. त्या अंधारात माणसाने काय समजावे? विमान सुमारे साडेतीन मिनिटांत समुद्रात कोसळले आणि २२८ जण गेले. वैमानिकांच्या प्रशिक्षणातल्या त्रुटी चौकशीत नोंदल्या गेल्या, तशीच इशाऱ्याची ही उलटी वागणूकही नोंदली गेली.

धडा विसरला की

एवढ्या अनुभवानंतर ही बाब मार्गी लागली असेल असे वाटते. पण २०१८ आणि २०१९ मध्ये बोइंग ७३७ मॅक्स जातीची दोन विमाने, एक इंडोनेशियात आणि दुसरे इथिओपियात, पाच महिन्यांच्या आत कोसळली. दोन्ही मिळून ३४६ बळी गेले. या विमानात नाक आपोआप खाली ढकलणारी एक संगणकीय यंत्रणा घातली होती. ती एकाच संवेदकाच्या भरवशावर चालत होती. तो बिघडला, की ती पुन्हा पुन्हा नाक खाली दाबे. अशी यंत्रणा विमानात आहे, हे वैमानिकांना दिलेल्या माहितीपुस्तिकेत लिहिलेले नव्हते.

अमेरिकेच्या अपघात तपास मंडळाने नंतर एका गृहीतकावर बोट ठेवले. बिघाड झाला, तर वैमानिक काही सेकंदांत तो ओळखून ठरलेली कृती करतील, असे धरून सुरक्षिततेचे गणित मांडले होते. पण प्रत्यक्ष कॉकपिटमध्ये त्या एका बिघाडाने एकाच वेळी अनेक इशारे सुरू झाले. हातातला दांडा थरथरत होता, वेग आणि उंचीचे आकडे जुळत नव्हते, नाक खाली जात होते. एवढे सगळे एकदम झाल्यावर माणूस कसा वागतो, हे तपासले गेलेच नव्हते. कागदावरचा वैमानिक शांत होता. खरा वैमानिक घामाघूम होता. जगभर, भारतातही, ही विमाने जमिनीवर आणली गेली. अमेरिकेत त्यांना पुन्हा उडायला सुमारे वीस महिने लागले. आता ही यंत्रणा दोन संवेदकांची तुलना करते, एका प्रसंगात एकदाच काम करते आणि तिचा जोर वैमानिकाच्या हाताच्या जोरापुढे जात नाही.

आज मोठ्या विमानाला मान्यता देताना हे स्वतंत्रपणे तपासले जाते. युरोपने २००७ मध्ये आणि अमेरिकेने २०१३ मध्ये तसा नियमच केला. त्याचा आशय असा, की प्रशिक्षित माणूसही चुकणार हे धरून चाला. चूक होऊ नये अशी रचना करा आणि झालीच तर ती लगेच दिसावी, सावरता यावी. म्हणून नवे उपकरण कागदावर असतानाच वैमानिकांना बोलावले जाते. आधी पुठ्ठ्याचे किंवा लाकडी कॉकपिट, मग सिम्युलेटर. त्यासाठी निष्णात चाचणी वैमानिकांवर भागत नाही. रोजच्या फेऱ्या करणारे, कमी अनुभवाचेही लागतात. दिवसा आणि रात्री, थकलेले असताना, तीन बिघाड एकदम देऊन ते कुठे अडखळतात ते पाहिले जाते. अडखळण्याची जागा सापडली, की वैमानिकाला गुण कमी देत नाहीत, रचना बदलतात.

यासाठी आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे चूक सांगण्याची मोकळीक. अमेरिकेत १९७६ पासून नासा ही संस्था वैमानिकांच्या चुकांच्या नोंदी गोपनीय ठेवून गोळा करते. ‘माझा हात चुकीच्या बटणावर पडला होता, पण वाचलो,’ असे कोणी शिक्षेच्या भीतीविना सांगू शकला, तरच ते बटण अपघाताआधी बदलता येते.

आपल्या रुग्णालयात, आपल्या घरात

हा विचार विमानातून रुग्णालयातही आला आहे. भूल देण्याच्या यंत्राला ऑक्सिजन आणि नायट्रस ऑक्साइड असे वेगवेगळे सिलिंडर जोडतात. त्यांच्या जोडणीवरचे खिळे प्रत्येक वायूसाठी वेगळ्या जागी असतात. त्यामुळे चुकीचा सिलिंडर चुकीच्या जागी बसतच नाही. ऑक्सिजनच्या बटणाच्या कडाही मुद्दाम खोल खाचांच्या ठेवतात, म्हणजे न पाहता हाताला ओळखू येते. चाकाच्या आकाराची ती रबरी मूठच इथे दुसऱ्या रूपात आली आहे. दुसरीकडे, अतिदक्षता विभागात दिवसभर इतकी यंत्रे वाजत असतात, की खरा इशारा त्यात हरवतो. ती दुरुस्ती अजून बाकी आहे.

घरीही हे करता येते. आजोबांच्या रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्यांची पाकिटे सारखी दिसत असतील, तर ‘नीट बघून घ्या’ असे रोज सांगण्यापेक्षा त्या वेगळ्या रंगाच्या, वेगळ्या आकाराच्या डब्यांत ठेवा. जास्त दिव्यांच्या खटक्यांवर खुणा करा. चार बर्नरच्या शेगडीच्या बटणांवरही.

आणि पुढच्या वेळी एखाद्या अपघाताच्या बातमीत ‘मानवी चूक’ हे शब्द वाचाल, तेव्हा तिथे थांबू नका. ही चूक करणे इतके सोपे का होते, हा पुढचा प्रश्न विचारा. बी-१७ च्या वैमानिकांना तो कोणी विचारला नव्हता, तोवर विमाने पोटावर बसतच राहिली होती.